मंगळवारी पाहिलेलं गाव

दवाखान्याच्या दाराला कुलूप होतं. आमचे मालक, पोराचे वडील, पायरीवर बसले होते. उजवा हात छातीशी धरलेला, घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता, आणि भर दुपारच्या उन्हात त्यांची बोटं गार पडली होती. अर्ध्या घंट्यापूर्वी अंगणातला दगड उचलताना त्यांना विंचू चावला होता.

कुलूप मी दोनदा ओढून पाहिलं. मग दारावरची पाटी वाचली. वर डॉक्टरचं शिक्षण, खाली वेळ, आणि त्याच्याही खाली लाल अक्षरांत 'फक्त मंगळवारी'. तो दिवस गुरुवार होता.

पाटी काही नवी नव्हती, तिचा रंग उडाला होता. याच दारासमोर मी आधी चार मंगळवार उभी राहून गेले होते. चौथीपर्यंत शिकलेय, वाचता येतं मला. पण पाटी दाराच्या फळीवर रंगवलेली. दार उघडलं की फळी भिंतीकडं वळते आणि पाटी भिंतीला वाचायला मिळते.

मालकांना ओकारी आली. मी त्यांचं डोकं धरलं. जीपा जिथं उभ्या राहतात त्या लिंबाखाली एकही जीप नव्हती, नुसते तेलाचे काळे डाग होते. सरकारी गाडीला फोन लावला. पलीकडची बाई नीट बोलली, पण जवळची गाडी एका बाळंतिणीला घेऊन जालन्याला गेली होती, दुसरी यायला घंटाभर लागणार होता. मालकांकडं घंटा आहे का नाही, ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

हे गाव मी निवडलं होतं. मालकांनी नाही, पोरानं नाही, मी. म्हातारपण काढायला जागा शोधत तीन गावं फिरले, दोन नाकारली आणि हे पसंत केलं. त्या पायरीवर एकच गोष्ट डोक्यात होती. हा माणूस आता मेला तर माझ्या पसंतीनं मरेल.

आमचं उभं आयुष्य जालन्याच्या एमआयडीसीत गेलं. मालक सळया बनवायच्या मिलमध्ये होते. लालभडक सळई चिमट्यानं धरायची आणि पुढच्या यंत्राच्या तोंडात घालायची, हे त्यांचं काम. राहायला मिलच्या लायनीतली एक पत्र्याची खोली. भिंतीला भिंत लागून आठ घरं, एकाच्या फोडणीनं दुसरा शिंकायचा. काम सुटलं तशी खोलीही सुटली. तिचं मला वाईट वाटलं नाही. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली पापड वाळायचे, तेही झाकून ठेवले तरी.

पोरगा पुण्याला असतो. तो म्हणाला, इकडं या. आम्ही महिनाभर राहून पाहिलं. सातवा मजला. वाईट काही नव्हतं. सून चांगली आहे, वेळेवर ताट समोर आणायची. पण दिवसभर मी गॅलरीत उभी राहून खालची माणसं बघायची आणि खालची माणसं काही वर बघत नसत. लिफ्टमध्ये एक बाई रोज भेटायची. महिन्याभरात तिनं मला एकच गोष्ट विचारली, कितवा मजला. मालकांचं तर त्याहून अवघड. त्यांना सकाळी उठून कुठंतरी जायची सवय. ते लिफ्टनं खाली जायचे, फाटकावरच्या वॉचमनशी बोलायचे, वर यायचे, पुन्हा खाली जायचे. शेवटी वॉचमननंच पोराला विचारलं, बाबांना काही त्रास आहे का. मी पोराला सांगितलं, आम्ही दुसरीकडं जागा बघतो. त्याचं म्हणणं पडलं, दवाखाना आणि गाडीघोडा असेल तिथंच बघा, नाहीतर मी उचलून इकडं आणीन. ही त्याची अट होती आणि ती बरोबर होती.

मालकांचं गाव टेंभुर्णीच्या जवळ. तिथं दोन दीर, दोन जावा, आणि आमच्या वाट्याची एक खोलीसुद्धा आहे. पण त्या खोलीत मोठ्या जावेनं इतकी वर्षं ज्वारीची पोती ठेवली आहेत, की तिच्यावर आता पोत्यांचाच हक्क जास्त. मालक म्हणाले, मग टेंभुर्णीतच राहू, गावाला जवळ पडेल. एक दिवस गेलो. उतरल्यापासून चहाच्या हॉटेलापर्यंत सात जणांनी थांबवलं. सातही जण मालकांचे कुणी ना कुणी लागत होते, आणि सातही जणांसमोर मला पदर डोक्यावर ओढून बाजूला उभं राहावं लागलं. पासष्टाव्या वर्षी मला पुन्हा सून व्हायचं नव्हतं. चहा पिऊन परत आलो.

जाफराबाद मला आवडलं होतं. तालुक्याचं गाव, एसटी येते, कापडाची दुकानं आहेत. पण आमच्या ऐपतीतलं जे घर दाखवलं ते खतं-औषधांच्या दुकानावर, वरच्या मजल्याला, लोखंडी जिन्यानं चढायचं. फवारणीच्या औषधाचा वास असा, की घरी येऊन केलेल्या भाकरीलाही तो लागला असं मालक म्हणत होते. शिवाय त्यांचे गुडघे. चढले कसेबसे, पण खाली येताना उलटं वळून, शिडी उतरावी तसे उतरले, आणि खाली दुकानातली गिऱ्हाइकं बघत बसली.

तिसऱ्या गावाचं नाव मी लिहीत नाही. मला इथंच राहायचंय.

तिथं आम्ही चार वेळा गेलो, आणि चारही वेळा मंगळवारी. कारण सोपं आहे. जाफराबादहून त्या गावाला थेट जीप मंगळवारीच मिळायची. मंगळवारी तिथला बाजार. मला एकदाही वाटलं नाही की बाकीचे सहा दिवस जीप का नाही हे कुणाला विचारावं. मला वाटलं, आपल्या सोयीचा वार सापडला.

आणि काय ते गाव! जीपमधून उतरल्यावर पाय ठेवायला जागा नाही. भाजीच्या ओळी, मिरच्यांचे ढीग, बोंबील, बांगड्या, कासार, चप्पल शिवणारा, स्टो आणि कुकर दुरुस्त करणारा. दवाखान्यासमोर रांग. कंपाउंडरला मी विचारलं, रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात का. तो म्हणाला, सगळं मिळतं काकू. लिंबाखाली मोजून नऊ जीपा. गिरणी चालू. घर जमिनीवर, दोन खोल्या, पुढं अंगण, जिना नाही. मालक म्हणाले, गर्दी जरा जास्तच आहे. मी म्हटलं, असू द्या, आपल्याला कुठं झोपायला जायचंय बाजारात. पोराला फोनवर सांगितलं, दवाखाना आहे, गाडी आहे, सगळं आहे. त्यानं विचारलं, नक्की? मी म्हटलं, डोळ्यांनी बघितलंय.

सामान घेऊन आलो तो सोमवार होता. संध्याकाळ झाडण्यात गेली. मंगळवारी बाजार भरला, मला घरी आल्यासारखं वाटलं. बुधवारी सकाळी पिशवी घेऊन कोथिंबीर आणायला निघाले.

बाजाराच्या जागेवर शेळ्या बसल्या होत्या. मिरच्यांच्या ढिगाच्या जागी लाल धूळ. लिंबाखाली कुणी नाही. गिरणीला कुलूप, गिरणीवाला शेतात. त्या जागेला मी दोनदा चक्कर मारली, जणू गाव कोपऱ्यावर कुठं लपून बसलंय.

शेळ्यांच्या मालकिणीनं मला बघितलं. ही आमची शेजारीण. घराला घर लागून आहे, पण तोवर बोलणं झालं नव्हतं. तिचे सासरे मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. आता मेंढरं नाहीत, चार एकर आहे आणि सहा शेळ्या. माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान असेल, बोलायला दुप्पट.

"काय शोधून राह्यल्या बाई?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, कोथिंबीर.

ती शेळीच्या पाठीवर हात ठेवून हसायला लागली. मग तिनं सगळं समजावून सांगितलं. भाजीवाले, बांगडीवाले, चप्पलवाला, नऊच्या नऊ जीपा, सगळे बाजारामागं फिरतात. मंगळवारी आपल्याकडं, बुधवारी पलीकडच्या गावाला, गुरुवारी आणखी कुठं. हे गाव आठवड्यातून एकदाच भरतं.

"पोरगी बघायला बी सांगून गेलं तर चांगली चादर अंथरतेत," ती म्हणाली. "अन् तुम्ही तर चार बारीला बराबर मंगळवारच धरला."

मालकांना घरी येऊन सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग भाजी काय करती?" पिठलं केलं. पोराला काही सांगितलं नाही. त्याला कळलं असतं तर रविवारी गाडी घेऊन दारात आला असता आणि आम्ही पुन्हा सातव्या मजल्यावर गेलो असतो. दर दोन दिवसांनी तो विचारायचा, भाजीपाला मिळतो का. मी म्हणायचे, ताजी. मंगळवारी ती ताजी असायची हे खरं होतं.

दोन महिन्यांत मला ते जमलंही. मंगळवारी आठवड्याचं आणायचं, कोथिंबीर ओल्या फडक्यात बांधून माठाखाली ठेवायची. दळण सांगून ठेवलं की गिरणीवाला शेतातून येतो. मालकांना तर सहा दिवसांचं गावच जास्त आवडायला लागलं. सकाळी उठायचे, लिंबाखाली जाऊन बसायचे, आणि येणारा-जाणारा त्यांना विचारायचा, कुठून आल्ते, काय करीत होते. सळईची गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली असेल की आता सळई वीतभर जाड झालीय. दवाखान्याचं मात्र माझ्या ध्यानातच आलं नाही. बाजारातलं सगळं फिरतं हे कळलं होतं, पण डॉक्टरसुद्धा भाजीवाल्यासारखा फिरत असेल हे सुचलं नाही. दोन महिन्यांत कुणी आजारी पडलं नव्हतं.

मग तो गुरुवार. दसरा होऊन गेला होता, सोयाबीन निघाली होती. मालकांनी अंगणाच्या कडेला दगडांची ओळ लावायला घेतली, मी नको म्हणत असताना. तिसऱ्या दगडाखाली विंचू होता. चावला तसा त्यांनी चप्पल मारून तो मारला, खाली बसले आणि म्हणाले, काही नाही, मधमाशी असेल. मधमाशीला असली वाकडी शेपटी कुठून आली, मी म्हटलं. पातळाचा काठ फाडून दंडाला करकचून बांधला आणि त्यांना दवाखान्याकडं चालवत नेलं. पुढचं वर लिहिलं आहे.

पायरीवर बसून किती वेळ गेला सांगता येत नाही. थोडाच असेल. शेजारीण धावत आली. आमचं दार सताड उघडं आणि अंगणात एकच चप्पल बघून तिला समजलं होतं. तिच्या हातात स्टीलचा डबा होता. तिनं मालकांच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आज डॉक्टर न्हाई," मी म्हटलं.

"त्ये मला माहीत हाय. उठा. टेंपो यायचा टाइम झाला."

कसला टेंपो, हे मला माहीत नव्हतं. मंगळवारी तो दिसत नाही, कारण मंगळवारी बायका बाजार करतात आणि कामाला सुट्टी असते. बाकीचे दिवस गावातल्या बायका बियाणं कंपनीच्या शेडनेटवर, म्हणजे जाळीच्या मांडवात, कामाला जातात. मिरचीच्या एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला हातानं लावायचं काम. भल्या पहाटे टेंपो नेतो आणि दुपारी उन्हं चढली की परत आणून सोडतो. दोन महिने मी तो पहाटे अंथरुणातून ऐकत होते आणि दूधवाला समजत होते.

शेजारणीनं मला रस्त्याच्या मधे उभं केलं. म्हणाली, तुमचे केस पांढरे आहेत, तुम्हाला बघून तो थांबेल, मला बघून हॉर्न मारेल. टेंपो वळणावरून आला आणि माझ्यासमोर वीतभर अंतरावर थांबला. टेंपोवाला मिशीवाला माणूस, चिडलेला. बायकांची वस्ती गावापलीकडं अजून कोसभर पुढं, मागं चौदा-पंधरा बायका बसलेल्या. शेजारणीनं विंचू एवढाच शब्द सांगितला. टेंपोवाला म्हणाला, गाडी कंपनीच्या कामावर आहे, कंपनीला विचारावं लागेल, आधी बायांना सोडतो.

मागून एक बाई म्हणाली, "आमाला काय पाय न्हाईत का?" आणि ती उतरली. तिच्यामागं सगळ्या उतरल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. पहाटे चारला उठलेल्या बायका, पहाटेपासून वाकून काम केलेल्या, त्या उन्हात रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि मालकांना चौघींनी उचलून मागं झोपवलं. एकीनं आपली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. टेंपोवाला पहिल्यांदा उतरलेल्या बाईकडं बघून म्हणाला, "फोन तूच लाव कंपनीला." ती म्हणाली, लावते, तुझ्याहून चांगलं बोलते मी. मी कुणाचे आभार मानले नाहीत. वेळ नव्हता.

शेजारीण सोबत चढली. मी म्हटलं, तुझ्या शेळ्या? ती म्हणाली, शेळ्यांना रस्ता माहीत आहे.

वाटेत मालकांची छाती धडधडत होती, ओठ निळसर झाले होते. शेजारीण त्यांना झोपू देत नव्हती. ती विचारत होती, भाऊ, मिलमधली सळई जास्त तापते का विंचू? मालक डोळे मिटून म्हणाले, विंचू. ती म्हणाली, मंग इतके दिवस लिंबाखाली उगंच डिंग्या मारीत होते का. मालक हसायला गेले आणि ओकले. नंतर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पोराला सांगू नको," ते म्हणाले. "न्हेईल तो."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, विंचू कसा होता, काळा का तांबडा. शेजारणीनं डबा उघडून टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाई खुर्चीसह मागं सरकल्या. आमच्या अंगणातून उचलून आणलेला विंचू मेलेला होता, पण त्याच्याखाली चटणी होती, आणि ती शेजारणीची दुपारची होती. तांबडा, बाई म्हणाल्या, आणि लगेच कामाला लागल्या. गोळ्या, सलाइन, नाकाला नळी. माझी पातळाची पट्टी कात्रीनं कापली आणि मला झापलं. असं बांधल्यानं विष अडत नाही, हातच जातो. मी म्हटलं, आम्हाला हेच माहीत होतं. त्या म्हणाल्या, आता नवं माहीत झालं. मला त्या आवडल्या. संध्याकाळपर्यंत मालकांच्या बोटांना ऊब आली, आणि बाई म्हणाल्या, अर्धा-पाऊण घंटा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोराला फोन केला. मालक रागावले, पण खोटं आता माझ्या गळ्याशी आलं होतं. दुपारपर्यंत पोरगा आला. बापाच्या कॉटशी उभा राहिला, त्यांचा हात उलटापालटा करून बघितला, मग मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला.

"आई, तू म्हणाली होतीस दवाखाना आहे."

"आहे. मंगळवारी."

"आणि गाडी?"

"तीपण मंगळवारी."

तो व्हरांड्याच्या कठड्यावर बसला. मग म्हणाला, सामान बांधायला माणूस लावतो, तुम्ही दोघं इथूनच माझ्यासोबत चला. आवाज चढवला नाही त्यानं. अट त्याची होती आणि मी ती मोडली होती. भांडायला माझ्याजवळ काही नव्हतं. म्हणून मी जे झालं ते सांगितलं, कुलपापासून. गाव बघायला मी चुकले हे सांगितलं. टेंपोचं सांगितलं. मग म्हटलं, "तुझ्या मजल्यावर चार दारं आहेत. महिनाभर मी तिथं होते. विंचू तिथं चावणार नाही, कबूल. पण तुझे वडील लिफ्टसमोर पडले तर कुठलं दार वाजवू, ते सांग. मी येते."

आत शेजारीण मालकांना सांगत होती की विंचवानं चुकीच्या माणसाला धरलं, कातडी भाजून घट्ट झालीय. पोरगा ते ऐकत होता. थोड्या वेळानं त्यानं टेंपोवाल्याचा नंबर मागितला. माझ्याजवळ नव्हता. शेजारणीकडं होता. त्यानं तो माझ्या फोनमध्ये घातला, मग डॉक्टरीणबाईंना विचारून दवाखान्याचा, आणि आमच्या पलीकडच्या गल्लीत मोटारसायकल कुणाकडं आहे ते विचारून त्यांचेही. सहा नंबर झाले. आम्हाला गावात सोडून तो पुण्याला गेला. जाताना म्हणाला, आता गुरुवारचा फोन चुकवणार नाही.

मालक आता दगड उचलायच्या आधी काठीनं उलटवतात. शेडनेटच्या बायकांना मी कधीमधी भाजणीच्या चकल्या देते, त्या तिखट कमी आहे म्हणतात आणि संपवतात.

शेळ्यांना रस्ता माहीत होता, पण त्या वाटेवर कुणाच्या तरी खळ्यात सोयाबीनची रास होती. काळ्या शेळीनं ते पोट भरून खाल्लं, ती वर पाणी प्याली आणि आम्ही दवाखान्यात असताना फुगून मेली. हे मला शेजारणीनं पंधरा दिवसांनी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. मालक वाचले. काळी शेळी वाचली नाही. बाकी पाच आहेत.